आधी वह्या, मग ब्रेक, मग इंजिन

वाचकाचं पत्र, थोडक्यात: "मोटारींवर लिहिण्यात आयुष्य गेलं, आता निवृत्त आहे. ठाण्यात राहतो. घरात टिपणांच्या वह्या, कात्रणं, कंपन्यांची माहितीपत्रकं, निगेटिव्ह आणि मुलाखतींच्या कॅसेटी यांनी भरलेल्या दहा-बारा पेट्या आहेत. घरचे म्हणतात, रद्दीत द्या. खाली पार्किंगमध्ये १९७६ ची प्रीमियर पद्मिनी बरीच वर्षं उभी आहे, ती पुन्हा चालवायची आहे. पण खरी अडचण वेगळीच. डोकं एका जागी थांबत नाही. कार्बोरेटर हातात घेतला की इथेनॉलकडे जातो, तिथून उसाकडे, तिथून रसायनशास्त्राकडे. लिहायला बसलं की काहीच पुरं होत नाही. जुन्या लेखांचं पुस्तक काढता येईल का, हेही माहीत नाही. सुरुवात कुठून करू?"

स. न. वि. वि.

तुमच्या पत्रात कामं बरीच आहेत, पण त्यांचा क्रम ठरलेला आहे. पद्मिनीचा जवळजवळ प्रत्येक भाग आज ना उद्या दुरुस्त होईल किंवा बदलता येईल. बुरशीने खाल्लेली वही मात्र परत मिळत नाही. म्हणून कागद पहिले, आणि तेही पावसाळ्याच्या आत. कागदावर बुरशी धरायला हवेत ६५ टक्के आर्द्रता पुरते; ठाण्यात भर पावसाळ्यात ती ८० च्या वर जाते.

पेट्या उघडून चार ढीग करा: हाताने लिहिलेलं, निगेटिव्ह आणि कॅसेटी, वर्तमानपत्रांची कात्रणं, छापील माहितीपत्रकं. घरच्यांना जागा करून द्यायचीच असेल तर ती चौथ्या ढिगातून द्या, कारण माहितीपत्रकाच्या हजारो प्रती निघालेल्या असतात आणि संग्राहकांकडे त्या सापडतात. पहिल्या ढिगातलं चिटोरंही टाकू नका. एखाद्या इंजिनिअरने चाचणीच्या वेळी सांगितलेला आकडा, कारखान्यातल्या फोरमनचं मत, छापून न आलेली तक्रार, हे जगात फक्त तुमच्या वहीत आहे.

निगेटिव्हचा डबा उघडला की वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर ॲसिटेटची फिल्म कुजायला लागली आहे. त्यातून निघणारं आम्ल शेजारच्या चांगल्या फिल्मलाही लागतं, तेव्हा असे रोल त्याच दिवशी वेगळे करा आणि स्कॅनिंगही त्यांचंच आधी करा. बाकीच्या पट्ट्या पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएस्टरच्या पाकिटांत ठेवा. मऊ, चकचकीत पीव्हीसीची पाकिटं टाळा, ती काही वर्षांत फिल्मला चिकटतात. जवळ डांबराच्या गोळ्या किंवा कापूर नको.

कागदावरच्या टाचण्या, स्टेपल आणि रबर बँड काढून टाका. गंजाचा डाग कागद खात जातो आणि जुनं रबर वितळून अक्षरांवर बसतं. फाटलेल्या जागी सेलोटेप लावू नका. आधीच लावलेली असेल तर ओढू नका, तशीच स्कॅन करा. कसर लागलेली वही प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाबंद करून डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवली की कीड आणि अंडी दोन्ही मरतात. बाहेर काढल्यावर मात्र पिशवी पूर्ण एक दिवस उघडू नका, नाहीतर थंड कागदावर दव धरतं. मग वह्या घट्ट झाकणाच्या डब्यांत, डब्यामागे साधारण अर्धा किलो सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक. काटा ३५ ते ५० मध्ये राहिला पाहिजे. नारिंगी रंगाचं जेल घ्या, ओल शोषली की ते हिरवं होतं; ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर दोन-तीन तास ठेवलं की पुन्हा कामाला येतं.

स्कॅन करताना वह्या आणि कात्रणं ३०० डीपीआयवर (म्हणजे इंचाला ३०० ठिपके) रंगीत घ्या. वह्या काळ्या-पांढऱ्यात घेऊ नका, पेन्सिलीच्या फिक्या नोंदी आणि दुसऱ्या शाईतल्या दुरुस्त्या हरवतात. माहितीपत्रकांना ६०० लागतात, कारण छपाईच्या ठिपक्यांमुळे कमी डीपीआयवर चित्रावर जाळी उमटते. ३५ मिमीच्या निगेटिव्हला ३,२०० पुरे. घरगुती स्कॅनरवर त्याहून मोठा आकडा ठेवला तर बहुधा फाइलच फुगते, तपशील वाढत नाही. मूळ प्रत टिफमध्ये, रोजच्या वापराची जेपेगमध्ये. फाइलचं नाव तारखेने सुरू करा, वर्ष-महिना-दिवस या क्रमाने: म्हणजे "१९८३-१२-१४-मारुती-८००-वितरण". तारीख माहीत नसेल तर फक्त वर्ष. तीन प्रती ठेवा, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि एक घराबाहेर, दुसऱ्या गावच्या नातेवाइकाकडे किंवा क्लाउडवर.

कॅसेट थेट वाजवायला घेऊ नका. आधी एकदा पूर्ण पुढे आणि एकदा पूर्ण मागे गुंडाळून घ्या, म्हणजे वर्षानुवर्षं चिकटून बसलेले थर सुटे होतात. डेकचं हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. रेकॉर्डिंग ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह फाइल.

आता गाडी. तुम्ही मोटारींवर लिहिलं आहे म्हणून १,०८९ सीसीचं हे इंजिन काय आहे ते सांगत बसत नाही. पण लिहिणाऱ्याची आणि उभ्या गाडीची गाठ पडली की मोह एकच होतो: नवी बॅटरी जोडायची, दोन लिटर पेट्रोल ओतायचं आणि सेल्फ मारायचा. तेवढं करू नका. बऱ्याच वर्षांत बेअरिंगवरचं तेल खाली उतरलेलं असतं, पिस्टनच्या रिंगा सिलेंडरला गंजाने धरलेल्या असतात आणि एखादा व्हॉल्व्ह आपल्या गाइडमध्ये अडकलेला असतो. अशा वेळी सेल्फचा एक झटका पुशरॉड वाकवायला पुरतो.

बॅटरी काढून ठेवा आणि आधी टाकीकडे जा. जुन्या पेट्रोलला ऑइलपेंटसारखा वास येतो. ते पूर्ण काढा, टाकी उतरवा, आत टॉर्च मारून पाहा. गंजाची पावडर दिसली तर नुसतं खळबळून भागणार नाही, टाकी रेडिएटरवाल्याकडून साफ करून घ्या. तिथे वेल्डिंग करावं लागलं तर टाकी पाण्याने भरल्याशिवाय किंवा वाफेने धुतल्याशिवाय ज्योत जवळ येऊ देऊ नका. रिकामी दिसणारी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोकादायक असते. टाकीचा श्वासनळीचा पाइप आणि सायलेन्सरचं तोंड तपासा. कुंभारीण माशी तिथे मातीचं घर हमखास बांधते. टाकी मोकळी श्वास घेत नसेल तर गाडी दोन किलोमीटर नीट चालते आणि मग पेट्रोल संपल्यासारखी बंद पडते, आणि लोक बिचाऱ्या पंपाला दोष देतात.

चारही प्लग काढा. प्रत्येक सिलेंडरमध्ये चहाचा एक चमचा, म्हणजे ५ मिली, इंजिन ऑइल सोडा आणि दोन दिवस थांबा. मग टॅपेटचं, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणाऱ्या यंत्रणेवरचं, कव्हर काढून, क्रँकच्या पुलीच्या नटाला पाना लावून, इंजिन हाताने फिरवा. समोरून बघताना घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने. आठही व्हॉल्व्ह खाली जाऊन वर येतात का, हे डोळ्यांनी पाहा. एखादा वर आलाच नाही तर तिथेच थांबा, त्याच्या दांड्यावर भेदक तेल सोडा आणि हातोडीच्या लाकडी मुठीने हलके ठोके द्या. इंजिन मुळीच फिरत नसेल तर पान्याला लांब पाइप लावून जोर करू नका. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल आणि ॲसिटोन समसमान मिसळून सिलेंडरमध्ये भरा, आठवडाभर रोज दोन्ही बाजूंना थोडं हलवून पाहा. तरीही नाही फिरलं तर हेड उतरवणं भाग आहे.

इंजिन मोकळं झालं की तेल आणि फिल्टर बदला. २०डब्ल्यू-५० मिनरल तेल या इंजिनाला योग्य. प्लग बाहेरच ठेवून सेल्फ दहा सेकंद मारा, अर्धा मिनिट विसावा, पुन्हा दहा सेकंद, ऑइलचा दिवा विझेपर्यंत. प्लग नसल्यामुळे बेअरिंगवर भार जवळजवळ येत नाही आणि तेल सगळीकडे पोचतं. डिस्ट्रिब्युटरचे पॉइंट बारीक एमरीने घासून गॅप ०.४ मिमीच्या आसपास, प्लगचा गॅप ०.६ मिमी, कंडेन्सर नवाच. पहिल्यांदा चालू करताना टाकी जोडूच नका; स्वच्छ पेट्रोलचा एक लिटरचा धातूचा डबा सायलेन्सरपासून लांब बांधा आणि त्यातून पंपाला पेट्रोल द्या. शेजारी अग्निशामक हवाच. चालू झाल्यावर दहा मिनिटांनी बंद करून डिपस्टिक हुंगा. पेट्रोलचा वास आला किंवा पातळी वर गेलेली दिसली तर पंपाचा डायफ्राम फाटला आहे आणि पेट्रोल तेलाच्या चेंबरमध्ये उतरतं आहे. पातळ झालेलं तेल बेअरिंग खातं, तेव्हा त्या दिवशी गाडी पुन्हा चालू करायची नाही.

इंजिनाने जीव धरला म्हणजे गाडी चालवण्यालायक झाली असं नाही. शीर्षकात ब्रेक आधी आहे तो उगाच नाही: इंजिन फिरवून बघायला हरकत नाही, पण गाडी जागची हलण्याआधी ब्रेक पूर्ण झाले पाहिजेत. त्या काळच्या बहुतेक गाड्यांप्रमाणे ब्रेकचं सर्किट एकच असतं, म्हणजे एका चाकाचा सिलेंडर गळला की चारही चाकांचे ब्रेक जातात. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं, आणि त्या पाण्याने व्हील सिलेंडर आतून गंजतात. मास्टर सिलेंडर आणि सगळे व्हील सिलेंडर खोला. आत नखाला खड्डा लागला तर नुसते रबराचे कप बदलून उपयोग नाही, सिलेंडरच बदलायचा. रबरी होज तिन्ही-चारही नवे घाला. आतून सुजलेला होज बाहेरून धडधाकट दिसतो आणि ब्रेक सोडल्यावरही चाक धरून ठेवतो. डॉट-३ किंवा डॉट-४ चं तेल भरा. नव्या डॉट-४ चा उकळबिंदू किमान २३० अंश असतो, पाणी शोषल्यावर तो १५५ पर्यंत येऊ शकतो. घाटात पेडल खाली जातं ते यामुळे. तेव्हा दर दोन वर्षांनी ते बदलायचंच. हवा काढताना मास्टर सिलेंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करा.

इथे एक कळकळीची सूचना. जुन्या ब्रेक लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं. ड्रम उघडल्यावर मेकॅनिक हवेच्या पाइपने धूळ उडवतात, ते होऊ देऊ नका. ओल्या फडक्याने पुसा, फडकं पिशवीत बांधून टाका, तोंडावर एन-९५ मास्क. गाडी जॅकवर नाही, लोखंडी स्टँडवर घ्या; विटांवर कधीच नाही.

टायरची नक्षी कितीही चांगली असली तरी बाजूवरचे चार आकडे वाचा. "२३१४" म्हणजे २०१४ चा तेविसावा आठवडा. दहा वर्षांवरचा टायर टाकून द्या. सुट्या भागांसाठी कुर्ल्याचा सीएसटी रोड अजूनही पहिला थांबा आहे. जुना भाग सोबत न्या, नुसतं नाव सांगून आणलेला डायफ्राम हमखास वेगळ्या मापाचा निघतो.

कागदपत्रांचं थोडक्यात. दिल्ली परिसरात पेट्रोल गाड्यांना लावलेली पंधरा वर्षांची मर्यादा महाराष्ट्रातल्या खासगी गाड्यांना नाही. पंधरा वर्षांनंतर नोंदणी दर पाच वर्षांनी नूतनीकरण होते, आरटीओत गाडी दाखवावी लागते आणि पर्यावरण कर भरावा लागतो. विमा, पीयूसी आणि नोंदणी पुरी होईपर्यंत गाडी चालवायची नाही, टो करून न्यायची. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झाली आणि गाडी मूळ रूपात असली की २०२१ च्या नियमांप्रमाणे व्हिंटेज नोंदणी मिळते. तिचं शुल्क २० हजार, मुदत दहा वर्षं, आणि नंबरात "व्हीए" ही अक्षरं येतात. पण त्या नोंदणीवर रोजचा वापर चालत नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, देखभाल एवढ्यासाठीच गाडी बाहेर काढता येते. तुम्हाला दर रविवारी येऊरपर्यंत जाऊन यायचं असेल तर साधी नोंदणीच ठेवा.

आणि आता तो इथेनॉल, जिथे तुमचं डोकं घसरतं म्हणता. आमच्या मते ते घसरणं नाही. तुमच्याजवळची सगळ्यात मोलाची गोष्ट तीच आहे. फक्त तिला एका वेळी एकच धागा द्यायला हवा, आणि तो धागा गाडीच्या एका भागापाशी बांधलेला हवा. पुस्तकी प्रश्न घेऊन बसलात तर उसापासून विश्वाच्या उत्पत्तीपर्यंत कुठेही जाल. हातात जेट, म्हणजे कार्बोरेटरमध्ये इंधन मोजून सोडणारा बारीक भोकाचा भाग, धरून विचारलेल्या प्रश्नाला मात्र शेवट असतो: गाडी नीट चालायला लागते.

प्रश्न असा घ्या: आजचं पेट्रोल माझ्या १९७६ च्या कार्बोरेटरला चालतं का? आधी पंपावर काय मिळतं ते मोजा. १०० मिलीची खुणा असलेली काचेची नळी घ्या, तिच्यात १० मिली पाणी आणि ९० मिली पेट्रोल. बूच लावून हलवा, मधूनमधून बूच सैल करून वाफ जाऊ द्या, दहा मिनिटं स्थिर ठेवा. इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्यात उतरतो. खालचा थर १० वरून २८ मिलीच्या आसपास गेला तर ९० मध्ये १८ इथेनॉल, म्हणजे २० टक्के. हे गच्चीवर, उघड्यावर, ज्योत आणि मोबाइल लांब ठेवून करा आणि उरलेलं मिश्रण मोरीत ओतू नका.

आता हिशेब. पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला फक्त ९ पट. ई-२० ला, म्हणजे २० टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलला, साधारण १३.५ पट. कार्बोरेटर मात्र जुन्याच प्रमाणात इंधन सोडतो, म्हणजे मिश्रण आठ-नऊ टक्क्यांनी पातळ होतं, हवेच्या मानाने इंधन कमी पडतं. लक्षणं तुम्ही ओळखाल: थंड इंजिन चोकशिवाय धरत नाही, ॲक्सिलरेटर सोडला की सायलेन्सरमध्ये फटफट, प्लगचं टोक बिस्किटी रंगाऐवजी पांढरं. मेन जेट एक माप मोठा घाला. १२५ चा असेल तर १३०. व्यास ४ टक्के वाढला की भोकाचं क्षेत्रफळ ८ टक्के वाढतं, आणि आपल्याला हवं होतं ते साधारण तेवढंच. जेट ड्रिलने मोठा करू नका, भोकाच्या कडा खराब होतात आणि माप कळत नाही. रबरी पाइपवर "एसएई जे-३० आर-९" छापलेलं बघून घ्या, जुन्या पाइपचं अस्तर इथेनॉलने सुटतं आणि त्याचे कण फ्लोटच्या सुईखाली अडकून कार्बोरेटर ओव्हरफ्लो होतो. इथेनॉलचा ऑक्टेन जास्त आहे, पण या इंजिनाचं कॉम्प्रेशन, म्हणजे सिलेंडरमध्ये मिश्रण किती पट दाबलं जातं ते प्रमाण, आठच्या आत, त्यामुळे त्याचा फायदा इथे मिळत नाही; तोटा मात्र मायलेजमध्ये दिसतो, कारण एक लिटर इथेनॉलमध्ये साधारण २१ मेगाज्यूल ऊर्जा असते आणि पेट्रोलमध्ये ३२. टाकीत एका वेळी दहा लिटरच भरा आणि दोन आठवड्यांत संपवा.

इथे मेकॅनिकचं काम संपतं. लेखकाचं इथून सुरू होतं. पेट्रोलमध्ये काहीतरी मिसळायची गरज मुळात का पडली? कारण कॉम्प्रेशन वाढवलं की इंजिन ठोकतं, म्हणजे मिश्रण आत अवेळी पेटून ठकठक होते. १९२१ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेत डेटन इथे, जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत, थॉमस मिजली यांना टेट्राएथिल लेड या शिशाच्या संयुगाने हे ठोकणं थांबतं असं आढळलं. इथेनॉलनेही ते थांबतं हे त्यांनी आधीच पाहिलं होतं. पण शिसं चिमूटभर पुरायचं आणि त्याचं पेटंट घेता यायचं. १९२४ मध्ये न्यू जर्सीतल्या शुद्धीकरण कारखान्यात ते बनवणारे पाच कामगार शिशाच्या विषाने मेले, तरी शिसं राहिलं. पुढे क्लेअर पॅटरसन नावाचे भूरसायनशास्त्रज्ञ उल्केतल्या शिशाच्या समस्थानिकांवरून पृथ्वीचं वय मोजू लागले. नमुन्यात बाहेरचं शिसं मिसळत असल्यामुळे आकडे जुळेनात, म्हणून त्यांना अतिशुद्ध प्रयोगशाळा उभारावी लागली. १९५६ मध्ये त्यांनी ४.५५ अब्ज वर्षं हा आकडा छापला, आणि मग ते बाहेरचं शिसं येतं कुठून याचा माग काढत ते मोटारींच्या धुरापाशी पोचले. त्यासाठी तेल आणि शिशाच्या उद्योगाशी त्यांना अनेक वर्षं झगडावं लागलं.

भारतात शिसेमुक्त पेट्रोल १९९५ च्या एप्रिलपासून चार महानगरांत मिळू लागलं आणि २००० च्या फेब्रुवारीपासून देशभर तेवढंच राहिलं. मोटारींसाठी शिशाचं पेट्रोल विकणारा जगातला शेवटचा देश, अल्जीरिया, २०२१ मध्ये थांबला. म्हणजे तुमची पद्मिनी शिशाच्या पेट्रोलवर धावत आली. शिशाचा थर एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीटला गादीचं काम करायचा. शिसं गेल्यावर मऊ सीट झिजतात आणि टॅपेटचा गॅप, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या भागामधली फट, आपोआप कमी होत जातो. दर २,००० किलोमीटरला तो मोजून वहीत लिहा. गॅप घटत असेल तर हेड पुढच्या वेळी उतरेल तेव्हा कठीण सीट बसवून घ्या. आणि बघा, पृथ्वीच्या वयापासून आपण पुन्हा तो गॅप मोजायच्या फीलर गेजपाशी आलो. लेखाला शेवट मिळाला.

असे धागे या गाडीत भरपूर आहेत. स्टिअरिंगवरचा गिअर आणि पुढची सलग सीट यांवरून मुंबईच्या टॅक्सीची गोष्ट सुरू होते. १९४४ साली वालचंद हिराचंद यांनी स्थापलेली प्रीमियर ऑटोमोबाइल्स, कुर्ल्याचा कारखाना, १९६४ ची फियाट ११०० डिलाइट, २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेव आरटीओत नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी आणि टॅक्सींवरच्या वीस वर्षांच्या मर्यादेमुळे २०२३ च्या ऑक्टोबरअखेर तिने सोडलेला रस्ता. या गोष्टीसाठी ग्रंथालयापेक्षा माणसं आधी गाठा, जुने चालक आणि गॅरेजवाले आता वयस्कर झाले आहेत. त्यांना "तो काळ कसा होता?" असं विचारू नका, त्याला सगळ्यांचं उत्तर सारखंच येतं. विचारा: क्लचची तार तुटली तर परळच्या पुलावर काय करायचात? मीटर कोण दुरुस्त करायचं? पावसात करंट उतरला तर डिस्ट्रिब्युटरवर काय लावायचात? हातांना विचारलं की आठवण येते. रेकॉर्ड करण्याआधी परवानगी घ्या आणि ती परवानगीही रेकॉर्ड करा. जुन्या जाहिराती आणि बातम्यांसाठी ठाण्यातलंच मराठी ग्रंथ संग्रहालय आहे, १८९३ चं.

विज्ञानाचा एक धागा रस्त्यावर मोजता येतो. पहाटे, मोकळ्या, सपाट, सरळ रस्त्यावर, शेजारी नोंदी घेणारा माणूस बसवून, गाडी ६० च्या थोडी वर न्या आणि न्यूट्रल करा. ६० वरून ५० ला यायला किती सेकंद लागले ते लिहा, मग २० वरून १० ला किती. दोन्ही वेळा वेग सेकंदाला २.७८ मीटरने कमी झालेला असतो. गाडी साधारण ९०० किलो, दोन माणसं १५०, एकूण १,०५०. समजा पहिल्या वेळी १० सेकंद लागले: १,०५० गुणिले २.७८ भागिले १०, म्हणजे २९२ न्यूटन विरोध. दुसऱ्या वेळी १८ सेकंद लागले तर १६२ न्यूटन. फरक १३० न्यूटनचा, आणि तो जवळजवळ सगळा हवेचा. ५५ च्या वेगाला गाडी पुढे ढकलत ठेवायला लागते ती शक्ती २९२ गुणिले १५.३, म्हणजे साडेचार किलोवॅटच्या आत, सहा अश्वशक्ती. बाकीचं इंजिन चढ, वेग वाढवणं आणि ओव्हरटेक यांसाठी आहे. चढ आणि वारा वजा व्हावा म्हणून दोन्ही दिशांनी तीन-तीनदा करा आणि सरासरी घ्या. स्पीडोमीटरवर विसंबू नका, मोबाइलच्या जीपीएसचा वेग धरा. एखाद्या चाकाचा ब्रेक घासत असेल तर कमी वेगाचा विरोध एकदम चढेल, म्हणजे ही चाचणी ब्रेकचीही झाली.

लिहिण्याची शिस्त एवढीच ठेवा. एक वही, महिन्याला एक प्रश्न. पानाच्या वर प्रश्न, खाली तुमचा अंदाज, त्याखाली काय दिसलं तर अंदाज चुकीचा ठरेल ते. मधेच उसाचा विचार आला तर तो शेवटच्या पानावर एका ओळीत टिपा आणि परत या. ती शेवटची पानंच पुढच्या वर्षाची यादी होतील. लेख तेव्हाच सुरू करा, जेव्हा अंदाज आणि मोजमाप दोन्ही वहीत आहेत. आधी सुरू केलात तर लेख शोधाला ओढत नेतो आणि मग तो पुरा होत नाही, जे तुमचं होतं आहे.

जुन्या लेखांबद्दल. तुम्ही नियतकालिकाचे पगारी कर्मचारी असताना, त्यात छापण्यासाठी लिहिलं असेल आणि वेगळा करार नसेल, तर कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे वर्तमानपत्र, मासिक किंवा तत्सम नियतकालिकात छापण्यापुरता हक्क मालकाचा. बाकी सगळ्या बाबतीत, म्हणजे पुस्तकासाठीही, पहिला हक्क लेखकाचा, तुमचा. मुक्त लेखक म्हणून लिहिलेल्याचा हक्क सहसा पूर्ण तुमचाच, तो तुम्ही लेखी देऊन टाकलेला नसेल तर. म्हणून पेट्या लावताना नेमणूकपत्रं आणि जुने करार सापडले की पाचवा ढीग करा आणि तो आधी वाचा. लेखासोबतचे फोटो दुसऱ्याने काढलेले असतील तर त्यांची परवानगी वेगळी लागेल, कंपनीने प्रसिद्धीसाठी दिलेले फोटोही पुस्तकात घेण्याआधी विचारून घ्या. तुमच्या स्वतःच्या निगेटिव्ह हाताशी आहेत, तेव्हा शक्य तिथे त्याच वापरा.